सहा पायांचा पक्षी

भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात काशिनाथ हुद्दारांना सगळे 'फिल्मवाले हुद्दार' म्हणत. सिनेमाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. वेल्डिंगने जोडलेल्या जाड पोलादी भागांचे एक्स-रे काढायचे, त्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून तपासायच्या आणि जोड पक्का आहे की नाही ते लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. वर्ध्याहून ते त्रेसष्ट साली इथं नोकरीला आले आणि तेव्हापासून हेच करत आले. फिल्मवर काळा ठिपका दिसला, तर तो पोलादातला पोकळ भाग आहे की फिल्मवरच पडलेला डाग आहे, हे ते भिंग न लावता सांगत. त्यांच्या सहीवर कुणी दुसऱ्यांदा तपासणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी विजया लग्न होऊन नागपूरला गेली. टाऊनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच सुमारास ओळखीच्या एका इंजिनिअरने बदलीवर जाताना आपला जुना रशियन कॅमेरा आणि लांबचं टिपणारी दोनशे एमएमची लेन्स हुद्दारांना दिली. हुद्दारांनी आधी मंगलाताईंचे, म्हणजे बायकोचे, फोटो काढून पाहिले. तिसऱ्या फोटोनंतर मंगलाताई म्हणाल्या की आता बाहेर जाऊन काहीतरी हलणारं शोधा. ते बाहेर पडले आणि त्यांना पक्षी सापडले.

पक्ष्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. बगळा, बदक आणि खंड्या एवढी तीन नावं यायची. पण रविवारी सकाळी सायकलवर ते टाऊनशिपच्या मागच्या तलावावर जात. तलावाच्या पलीकडे सोनागिरीची घरं दिसत. अलीकडच्या बाजूला बेशरमची झुडपं माजली होती, आणि पावसाळ्यात अर्धा तलाव शिंगाड्याच्या वेलींनी झाकून जाई. झुडपाआड बसायचं, छत्तीस फोटोंचा काळा-पांढरा रोल संपवायचा, घरी न्हाणीघरात तो धुवायचा आणि प्रिंट काढायला सोनागिरीत जमीलभाईंच्या स्टुडिओत जायचं, असा क्रम पडून गेला. कारखान्यात फिल्म धुण्याची सगळी सोय होती, पण तिथल्या रसायनाचा एक थेंबही त्यांनी कधी घरच्या फिल्मसाठी वापरला नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी काढलेल्या रोलचे प्रिंट बघत ते जमीलभाईंच्या अंधाऱ्या खोलीत उभे होते. लाल दिव्याखाली कागद रसायनाच्या तबकात पडला आणि हळूहळू चित्र वर येऊ लागलं. शिंगाड्याची पानं आली, पाण्याची चमक आली, मग एक काळसर पक्षी आला. डोळ्यांवरून मागं गेलेली पांढरी भुवई, आणि काटक्यांसारखी लांबच लांब बोटं. फोटो घेताना तो पानांवरून तुरुतुरु चालत होता, एवढंच हुद्दारांच्या लक्षात होतं. जमीलभाईंनी चिमट्याने कागद उचलला आणि तो दिव्याजवळ धरून त्यांनी मोजायला सुरुवात केली. मग हुद्दारांनी मोजलं. मग पुन्हा जमीलभाईंनी.

पक्ष्याला सहा पाय होते.

दोन पानांवर टेकलेले. बाकीचे चार पंखांच्या खालून लोंबत होते, बारीक, लांब बोटांचे, नुसतेच हवेत. जमीलभाईंचं म्हणणं पडलं की कॅमेऱ्यातली फिल्म नीट पुढे सरकली नसणार आणि एकावर एक असे दोन फोटो पडले असणार, जुन्या कॅमेऱ्यात असं होतंच. हुद्दार प्रिंट आणि निगेटिव्ह घेऊन घरी आले आणि निगेटिव्ह खिडकीच्या काचेला चिकटवून भिंगातून पाहत बसले.

तासाभराने त्यांनी मंगलाताईंना बोलावून दाखवलं. दोन फोटो एकावर एक पडले असते तर मागची पानंही दुहेरी दिसली असती. इथं प्रत्येक पानाची कड एकच होती. पाण्यातल्या सावलीतसुद्धा सहाच पाय होते. फिल्मवर डाग नव्हता, ओरखडा नव्हता. जे समोर होतं तेच फिल्मवर आलं होतं.

"मग ते जास्तीचे पाय कोणाचे?" मंगलाताईंनी विचारलं.

हुद्दारांनी मान हलवली. हा प्रश्न त्यांना गेला तासभर छळत होता.

टाऊनशिपमधल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्या वर्षी हौशी छायाचित्रकारांचं प्रदर्शन होतं. मंगलाताईंच्या आग्रहाखातर हुद्दारांनी तो फोटो मोठा करून दिला. कुणा जाणत्या माणसाच्या नजरेला पडला तर उलगडा होईल, असा त्यांचा हिशेब. परीक्षक होते भालचंद्र पाळंदे, कारखान्यात हुद्दारांच्याच विभागाचे प्रमुख. पाळंदे साहेब स्वतः चांगले फोटो काढत आणि बोलायलाही मोकळे होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी हुद्दार मंडपात गेले, तर त्यांच्या फोटोखाली चिठ्ठी लावलेली: 'ट्रिक फोटोग्राफी, उत्तेजनार्थ'. फोटोभोवती गर्दी होती आणि गर्दीला मजा वाटत होती. पाळंदे साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक केलं, की हुद्दारांच्या हातात एवढी कला असेल असं वाटलं नव्हतं, फक्त वेल्डिंगच्या फिल्मवर हा प्रयोग करू नका. लोक हसले. साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे हुद्दारांनाही कळत होतं. तरी त्यांचे कान तापले. एकोणीस वर्षं ज्या माणसाने फिल्मवर खोटं एक अक्षर येऊ दिलं नाही, त्याच्या फिल्मवर लोक हसत होते.

"साहेब, हे बक्षीस मला घेता येणार नाही," ते म्हणाले. "ही ट्रिक नाही."

"मग काय आहे?"

"मला ठाऊक नाही."

 हुद्दारांनी फोटो भिंतीवरून काढला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि मंगलाताईंसोबत घरी निघाले. वाटेत मंगलाताई एवढंच म्हणाल्या की ठाऊक नाही असं चारचौघांत म्हणणारा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून हुद्दार रोज पहाटे उठून, कारखान्याचा भोंगा होण्याआधी तलावावर जाऊ लागले. आठ-दहा दिवस हाती काही लागलं नाही. काळे पक्षी दिसत, पण दुरून, आणि प्रत्येकाला दोनच पाय. मधे विसर्जन झालं, सुट्टी झाली, तरी त्यांची फेरी चुकली नाही. मग एका सकाळी बेशरमच्या झुडपांतून वाट काढताना त्यांचा पाय घसरला आणि ते गुडघ्यापर्यंत शिंगाड्याच्या वेलीत गेले. त्याबरोबर तलावातून एका बाईचा चढा आवाज आला.

ती सुमित्रा रैकवार. चिंचोळ्या डोंगीत, म्हणजे होडक्यात, बसून ती वेलींमधलं गवत काढत होती. पन्नाशीची असेल, रापलेली, पदर कमरेला खोचलेला. तलावाचा हा कोपरा शिंगाड्यासाठी बारा वर्षं तिच्याकडे होता, आणि रोज सकाळी गळ्यात डबडं अडकवून येणारा हा कारखान्याचा माणूस जागेची मोजणी करतो आहे, तिला इथून उठवायचा बेत आहे, अशी तिची खात्री झाली होती. हुद्दारांनी आपल्या मोडक्यातोडक्या, वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत पुष्कळ समजावलं. ते पटेना, तेव्हा त्यांनी पिशवीतून फोटो काढून तिच्यापुढे धरला.

सुमित्राने हात पदराला पुसले, फोटो घेतला, आडवा केला, उभा केला आणि ती हसली.

"ये तो बच्चों के पाँव हैं, बाबूजी. बगल में दबाए है."

हुद्दार तसेच पाण्यात उभे राहिले. तिने सगळं सावकाश सांगितलं. हा पक्षी शिंगाड्याच्या पानांवरच राहतो, पानांवरच अंडी घालतो. पिल्लं लहान असताना घार आली, साप आला, की हा खाली बसतो, पंख जरा वर करतो, पिल्लं पंखांखाली शिरतात. मग हा त्यांना बगलेत आवळून उठतो आणि चालू लागतो. पिल्लांचे पाय एवढे लांब की ते बाहेरच राहतात. तिला यात नवल काही नव्हतं. तिच्यासाठी तो फक्त 'पत्ते पे चलनेवाला' होता, दरवर्षी दिसणारा.

"आईच ती," हुद्दार भारावून म्हणाले.

सुमित्राने मान हलवली. आई नाही, बाप. आई ती पलीकडची मोठी, ती अंडी देऊन मोकळी होते. अंड्यांवर बसायचं, पिल्लं सांभाळायची, हे सगळं बापाकडे. हुद्दारांना हे काही खरं वाटेना. ऐकीव गोष्टीवर सही करायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी विचारलं, हे ओळखायचं कसं? सुमित्रा म्हणाली, बसून बघायचं. आपल्या हद्दीच्या पार टोकाला एक जण अंड्यांवर बसला आहे, राखीनंतर आठवड्याने अंडी दिसली, महिनाभरात फुटतात. बाबूजींनी बुधवार-गुरुवारच्या सुमाराला यावं. तेवढ्या पट्ट्यातलं गवत ती काढणार नव्हती, कारण दोन वर्षांमागे वेल ओढताना तिच्या हातून एक घरटं उलटलं होतं आणि ते तिला अजून आठवत होतं.

हुद्दारांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात सगळे जण 'घरगुती' लिहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: 'तलावावर पक्षी पाहणे'. अर्ज पाळंदे साहेबांच्या टेबलावर गेला आणि साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. अर्ज हातात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मंडपातल्या त्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायचं त्यांच्या मनात असावं, पण ते जमलं नाही. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "दिसलं तर मला सांगा."

मंगळवारी पहाटे हुद्दार झुडपाआड जाऊन बसले. कॅमेरा गुडघ्यावर, डोक्यावर शिवलेलं पोतं. टोकाच्या पानांच्या गादीवर तो पक्षी बसला होता आणि उन्हाची तिरीप आली की त्याचे पंख तांब्याच्या भांड्यासारखे चमकत. मध्येच तो उठे, चार पानं चालून काहीबाही टिपे आणि लगबगीने परत येऊन बसे. दिवसभरात त्याच्या मदतीला कुणीही आलं नाही. हुद्दारांनी वहीत वेळा लिहून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाताई डबा घेऊन आल्या, आणि जेवण झाल्यावर परत जायचं नावच काढेनात. त्यांची नजर हुद्दारांपेक्षा तेज होती. त्यांनीच आधी ओळखलं की पानांवर दोन आकाराचे पक्षी आहेत. रंग एकच, पण एक चांगलाच थोराड. तो मोठा पक्षी अंड्यांकडे फिरकतच नव्हता. तीनच्या सुमाराला तो डावीकडच्या वेलींत गेला आणि तिथल्या तिसऱ्याच एका लहान पक्ष्याजवळ जाऊन मान खाली घालून उभा राहिला. लहान पक्षी त्याच्या पाठीवर चढला.

हुद्दार पाहत राहिले. मंगलाताईही पाहत राहिल्या.

"वर जो आहे तो नर ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"म्हणजे मोठी ती बाई. आणि अंड्यांवर बसलाय तो हिचा पहिला. हा दुसरा." त्या जरा थांबल्या. "बरं आहे की हिचं."

हुद्दारांना इतकं हसू आलं की त्यांनी तोंडावर रुमाल धरला. डोंगीत बसलेल्या सुमित्रानेही लांबून पाहिलं होतं. ती जवळ आली आणि मग त्या दोघी बायका, एक काठावर आणि एक पाण्यात, अर्धा तास बोलत बसल्या. सुमित्राचा नवरा दहा वर्षांमागे वारला होता. आधी दोघं मिळून हा तलाव राखत, आता ती एकटीच राखत होती. जाताना तिने हुद्दारांना सांगितलं की आपलाही एक फोटो काढा, पण हसताना नको, काम करतानाचा. हुद्दारांनी काढला.

गुरुवारी सकाळी हुद्दार पोचले तेव्हा पक्षी गादीवर नव्हता.  रात्रीतून साप आला असेल, की पाणी चढलं असेल? लेन्समधून त्यांनी एकेक पान तपासलं. गादीवर टरफलांचे दोन तुकडे दिसले. मग थोड्या अंतरावर, एका पानाच्या कडेला, आगपेटीएवढं काहीतरी हललं. मातकट रंगाचा कापसाचा बोळा आणि त्याखाली त्याच्या अंगाला न शोभणारे लांबलचक पाय. मग दुसरा बोळा. मग तिसरा. बाप दोन पावलांवर उभा होता.

अंडी चार होती असं सुमित्रा म्हणाली होती. चौथं पिल्लू हुद्दारांना शेवटपर्यंत दिसलं नाही.

कॅमेऱ्यात अकरा फोटो उरले होते. त्यांनी हात आवरला. तास गेला, दीड तास गेला. पिल्लं पानांवरून धडपडत फिरत होती, एखादं घसरून पाण्यात पडे आणि स्वतःच वर येई. आभाळ भरून आलं, बारीक पाऊस सुरू झाला, लेन्सवर थेंब पडू नयेत म्हणून ते पोत्याचा कोपरा पुढे ओढून बसले. आणि तेवढ्यात वरून घारीची सावली पाण्यावरून सरकत गेली.

बापाने एकच बारीक, तीक्ष्ण आवाज काढला आणि तो खाली बसला. त्याचे पंख अंगापासून सुटले. हुद्दारांनी पहिला फोटो घेतला. जवळचं पिल्लू धावत येऊन उजव्या पंखाखाली शिरलं. दुसरा. मधलं पिल्लू त्याच पंखाखाली घुसलं, तिसरं डाव्या. तिसरा, चौथा फोटो. प्रत्येक फोटोनंतर ते अंगठ्याने फिल्म पुढे सरकवत होते. मग बापाने पंख मिटून घट्ट आवळले आणि तो उठून उभा राहिला. पंखांच्या खालून सहा बारीक पाय लोंबत होते. तो चालू लागला, एका पानावरून दुसऱ्या पानावर, अवजड पावलांनी, जणू दोन्ही बगलांत पिशव्या घेतलेला माणूस. ते पाय त्याच्या चालीबरोबर हलत होते. आपल्या लांब बोटांनी तो प्रत्येक पान आधी चाचपून पाहत होता, कारण आता त्याचं वजन वाढलं होतं.

सहा फोटो झाल्यावर हुद्दारांनी कॅमेरा खाली घेतला. पाच उरले होते, पण नुसत्या डोळ्यांनी पाहावंसं त्यांना वाटलं. पक्षी वेलींच्या दाट भागात शिरला, पंख सैल केले, आणि तिन्ही पिल्लं खाली गळून पडल्यासारखी पानावर उतरली. घार निघून गेली होती. तलाव पुन्हा होता तसा झाला. हुद्दारांना आपले पाय मुंग्या येऊन बधिर झाल्याचं तेव्हा कळलं.

त्यांनी रोल धुतला, पण तुकडे केले नाहीत. सोमवारी ती अखंड पट्टी घेऊन ते पाळंदे साहेबांकडे गेले. साहेबांनी ती वेल्डिंगच्या फिल्म तपासायच्या पेटीवर लावली, दिवा मोठा केला आणि भिंग डोळ्याला लावलं. बाहेर पिल्लं, पंखाखाली शिरतं पिल्लू, मिटलेले पंख, उभा राहिलेला बाप. एकामागून एक, मध्ये कुठं खंड नाही. साहेबांनी ती पट्टी उलट बाजूनेही पाहिली. पाहणारा माणूस कसलेला होता, त्यामुळे हुद्दारांना बोलायची गरज पडली नाही.

"दोष नाही," साहेब शेवटी म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "मंडपात मी जे बोललो ते बोलायला नको होतं, हुद्दार."

 हुद्दार म्हणाले, की साहेबांच्या जागी ते असते तर त्यांनाही तसंच वाटलं असतं. साहेबांनी पुन्हा भिंग उचललं आणि आईची माया पाहा म्हणून कौतुक केलं. तेव्हा हुद्दारांनी सांगितलं की ही आई नव्हे. पाळंदे साहेबांनी भिंग बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढली. त्या दिवशी जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी दोघं केबिनमध्येच होते.

चार फोटोंचा संच मंडळाच्या कोजागिरीला लावायचं ठरलं. प्रत्येक फोटोखाली त्यात काय घडतं आहे ते मंगलाताईंनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. त्याच भिंतीवर सुमित्राचा, वेलीतून गवत उपटतानाचा फोटोही लागणार होता. तिला त्याची एक प्रत आधीच मिळाली होती. तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली की पाठ फार वाकलेली दिसते, पण आहे ते आहे.

कोजागिरीआधीच्या एका रविवारी पाळंदे साहेब स्वतःची दुर्बीण घेऊन तलावावर आले. मोठ्या मादीच्या त्या दुसऱ्या जोडीदाराला आता अंडी राखायला मिळाली होती. आदल्या दोन दिवसांत पाऊस जोरात झाला होता, पाणी चढलं होतं, आणि त्याची पानांची गादी एका बाजूने बुडायला लागली होती. सुमित्राने तिघांना डोंगीत घेतलं नाही, ती तेवढं वजन पेलणारी नव्हती. ती एकट्या हुद्दारांना घेऊन गेली. साहेब आणि मंगलाताई काठावरून दुर्बिणीने आळीपाळीने पाहत होते.

पक्षी गादीवरून उतरला. मान वाकवून त्याने चोच एका अंड्याच्या पलीकडे नेली आणि अंडं चोच व छातीच्या मध्ये दाबून धरलं. मग तो पाठीमागे, एक एक पाऊल, सरकू लागला. अंडं त्याच्याबरोबर शेजारच्या पानावर आलं. तिथं ते ठेवून तो दुसऱ्यासाठी परत गेला.

हुद्दारांनी सुमित्राकडे पाहिलं. बारा वर्षं हा तलाव ओळखणारी बाई वल्हं हातात धरून तशीच थांबली होती.

"ये तो मैंने भी नहीं देखा कभी," ती कुजबुजली.

डोंगी हलू नये म्हणून तिने एका हाताने वेल घट्ट धरून ठेवली. हुद्दारांनी अंदाजाने फोकस लावला. काठावरून मंगलाताईंचा हात वर झालेला दिसला. तिकडूनही त्यांना दिसलं होतं, आणि हे काय चाललं आहे असं त्या खुणेने विचारत होत्या. हुद्दारांनी खांदे उडवले आणि पक्षी दुसरं अंडं कधी हलवतो याची ते वाट पाहू लागले.